नेरीनाचा खांदा आणि मी

मी वल्हं बोलतेय. सारा जन्म बायकांच्या हातात गेला, म्हणून बाईसारखीच बोलते. हसायचं त्यानं हसावं. पण आज सांगायचंय ते हसण्यासारखं नाही. माझ्यापायी एका बाईच्या खांद्याचे हाल झाले, मला ते कळत होतं, आणि मी गप्प बसले.

आमचं बेट म्हणजे पाण्यावर टाकलेली सुतळी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे एका रांगेत घरं. खाडीकाठच्या पडवीत अल्विसेकाका वल्ही घडवतात. नेरीना अठराची झाली तेव्हा तिच्या बापानं, जाकोमोनं, मला करायला टाकलं. काकांनी पोरीला उभी करून मापं घेतली, लग्नाचा झगा शिवताना घेतात तशी. मग डोंगरातून आलेलं पांढरं, सरळ धाग्याचं लाकूड तासून तासून मला केलं. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी माझी उंची.

पोरीच्या हातात देताना जाकोमो म्हणाला, "वल्हं उभं ठेवायचं बरं का. आडवं पडलं की माणूस बिघडतं नि वल्हंही."

आमच्याकडे उभ्यानं वल्हवतात, तोंड पुढं करून. एका होडीत दोघी. पुढं नेरीना, मागं तिची मावसबहीण फोस्का, मोठ्या तोंडाची आणि मोठ्या काळजाची. ऑगस्टात देवीच्या जत्रेला बायकांची शर्यत असते. पहिल्या नंबराला लाल निशाण मिळतं. आम्ही दोनदा आणलं. जाकोमोनं ते पलंगासमोरच्या भिंतीवर लावलं होतं. मरताना त्याचे डोळे तिकडेच होते.

मग नेरीनाची आई पडली. अर्धं अंग गेलं. नेरीनानं होडी सोडली. रोज चादरी धुवायच्या, रोज वाळवायच्या. एके दिवशी वाऱ्यानं दोरी तुटली. हाताशी मी होते. भिंतीच्या दोन आकड्यांवर तिनं मला आडवी घातली आणि चादरी पसरल्या. एका दिवसाची सोय चार वर्षं चालली.

ओल्या चादरीचं वजन काय असतं ते मला विचारा. मधोमध मी हळूहळू खचत गेले. त्याचं मला वाईट वाटलं नाही. आजारी माणसाच्या चादरी वाहिल्या, त्यात कसला कमीपणा? लाजेचं काम मी पुढं केलं.

फेब्रुवारीत म्हातारी गेली. ईस्टर झाल्यावर फोस्का दारात उभी.

"झालं ना रडून? चल, होडी वाट बघतेय."

"चार वर्षं झाली गं. माझं पोट बघ."

"पोट घरी ठेव, हात घेऊन ये." मग आवाज उतरला तिचा. "नेरे, गुडघे संपले माझे. ही शेवटची शर्यत. ती तुझ्याबरोबर करायचीय, दुसऱ्या कुणाबरोबर नाही."

जत्रेच्या शर्यतीत नऊच होड्या घेतात. त्यासाठी जुलैत निवड व्हायची होती. हातात तीन महिने.

पहिल्या दिवशी नेरीना अर्धा तास वल्हवून आली आणि जिना बसून बसून चढली. पोटऱ्यांत गोळे, कंबर लाकडासारखी, तळहातांना फोड. रात्री मक्याच्या घाट्याचा चमचा तोंडापर्यंत जाईना. कापूर घातलेली दारू अंगाला चोळून ती पालथी पडायची आणि उशीत तोंड खुपसून कण्हायची. शेजारणीला ऐकू जाऊ नये म्हणून.

बाकीची दुखणी पाहुण्यासारखी आली, दोन-तीन आठवडे राहिली, गेली. डाव्या खांद्याचं दुखणं मात्र घरजावई होऊन बसलं.

ते माझं होतं. खचलेलं वल्हं पाण्यात सरळ राहत नाही, मनगटात वळतं. वल्ह्याचा दर हात मारताना ती मला आवळून सरळ करायची, आणि तो सगळा जोर खांद्यावर यायचा. तासाला हजारभर वेळा. तिला वाटायचं आपलंच अंग बिघडलंय.

धक्क्यावर जाळी नीट करणाऱ्या बायका ओरडायच्या, "नेरीना, होडी चालवतेस की घाटा घोटतेस?"

"तुमच्या नवऱ्यांसाठी घोटतेय, उपाशी मेलेत बिचारे!" ती हसून म्हणायची. आणि वळली की दात आवळायची.

जूनमधे एके सकाळी फोस्कानं होडी थांबवली. "दुखतंय का गं तुला?"

"छे! कुठं?"

"डावा हात चोरतेयस. थोडा वेळ वल्ही बदलू या. तुझं मला दे, माझं तू घे."

फोस्कानं माझे दहा हात मारले की माझी कुलंगडी बाहेर. मग काय? अल्विसेकाकांच्या पडवीत सरपणाच्या ढिगात.

नेरीना म्हणाली, "बाबांनी करवलेलं आहे हे. माझ्या हाताला दुसरं चालत नाही."

आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? त्या पोरीचा खांदा जळत होता, आणि मी सुटले म्हणून मला बरं वाटलं. आजवर मी एवढी खाली कधी गेले नव्हते, चादरींखालीसुद्धा नाही.

निवडीला बारा होड्या आल्या. वळणाच्या खांबापाशी आम्ही सहाव्या. मग नेरीनाचा हात भरून आला. मी वळत होते, ती आवळत होती. तिच्या बोटांत जोरच उरला नाही. एक होडी गेली, दुसरी गेली. शेवटच्या शंभर हातांत तिचा खांदा अडकला तो अडकलाच, आणखी दोन होड्या पुढं गेल्या. आम्ही दहाव्या आलो. अर्ध्या होडीच्या अंतरानं.

नेरीना होडीत खाली बसली. "तुझी शेवटची शर्यत मी खाल्ली गं फोस्का. म्हातारी झाले मी."

घरी तर जायचं होतं. फोस्कानं स्वतःचं वल्हं खाली ठेवलं, पुढं येऊन मला उचललं आणि वल्हवायला लागली. दहा हात. मग थांबली. एक डोळा मिटून तिनं मला टोकापासून टोकापर्यंत पाहिलं.

"नेरे, हे वल्हं आहे की डुकराचं शेपूट?"

होडी तशीच अल्विसेकाकांच्या पडवीला लागली. काकांनी मला उजेडात धरलं. "दोन बोटं खचलंय. आडवं ठेवलं होतंस?"

"आईच्या चादरी वाळत घालत होते," नेरीना म्हणाली.

"मग खांद्याचं पाप ह्याचं. कमरेचं तुझं, ते माझ्या लाकडावर घालू नकोस."

फोस्काला हसू आलं नाही. "तीन महिने दुखत होतं आणि तुला तोंड नव्हतं?"

"लाज वाटली गं. म्हटलं, सगळे म्हणतील हिच्यात काही उरलं नाही."

"वल्ह्यानं नाही घालवली शर्यत," फोस्का म्हणाली. "ह्या लाजेनं घालवली."

ती नेरीनाला म्हणत होती, पण लागलं मला.

नेरीना माझ्याजवळ आली. चादरींनी पडलेल्या खळग्यावर हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "चुकलं माझं. उभं ठेवायला हवं होतं तुला."

जिचा खांदा मी नासवला, तिनं माझी माफी मागितली. पडवीची फळी तुटून खाडीत गडप व्हावं असं झालं मला.

आता मी इथेच आहे, पडवीत, उभी टांगलेली. काका म्हणतात, हिवाळाभर सुकू दे, मग तासून बघू. जमलं तर जमलं.

जत्रा झाली, दुसऱ्याच होड्या धावल्या. आता फोस्का म्हणते, शेवटची शर्यत पुढच्या वर्षी, गुडघ्यांना विचारतंय कोण! दोघींनी पुन्हा सुरुवात केलीय, धक्क्यापासून देवळापर्यंत, एवढंच. नेरीनाच्या हाती उसनं वल्हं आहे, सरळ. पडवीसमोरून जाताना ती भर सकाळी मोठ्यानं ओरडते, "आई गं! थांब फोस्के, कंबर धरली!" धक्क्यावरच्या बाया हसतात. तीही हसते. होडी थांबते.

बायांनो, खूप दिवसांनी अंग कामाला लावलंत की ते बोलणार. त्याला बोलू द्या, आणि मोठ्यानं बोलू द्या. हातातलं हत्यारही एकदा उजेडात धरून बघा. आमच्यातली काही माझ्यासारखी असतात, आपणहून सांगत नाहीत.

होडी थांबली की नेरीना पडवीकडे बघते आणि मला हात करते. मी दुसरीकडे बघते.