वाटीतली ऊब

होडीवाल्याने होडीच्या मागच्या फळीवर अंगठा दाबला आणि तो सरळ आत रुतला.

“मास्तर, हे काय? ह्याच्यावर मी इंजिन टांगू? भर समुद्रात गळून पडलं म्हणजे?”

मास्तर म्हणजे फायबरकाम करणारे म्हातारे मिस्त्री. कुजलेलं प्लायवूड काढून नवं बसवायचं आणि वर काचतंतूंच्या मॅटचे थर देऊन ते रेझिनने असं बंद करायचं की पाण्याचा थेंब आत शिरता कामा नये, या कामात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. रेझिन घट्ट व्हायला त्यात हार्डनर लागतो. बाकीचे तो मोजून घालत, मास्तर अंदाजाने. मग कालवलेलं थोडं रेझिन वाटीत काढून वाटी तळहातावर धरायची. हार्डनर पुरेसा पडला की रेझिन आपोआप तापतं; ऊब आली की जमलं. शेजारच्या शेडमधले लोकही हातातलं काम टाकून हे बघायला येत, आणि तेव्हा मास्तर वाटी जरा जास्तच वेळ धरून उभे राहत.

काल मात्र वाटी हातावर होती आणि हाताला काहीच कळत नव्हतं. साखरेच्या दुखण्याने तळहात बधिर होत गेले होते, आणि हे त्यांनी घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगा परगावी नोकरीला, त्यामुळे शेडमध्ये त्यांच्या जोडीला सून असे.

“बाबा, मोजून घालू का?” तिने विचारलं होतं.

“मला शिकवू नकोस,” ते खेकसले होते. “आली ऊब. लाव.”

आता होडीवाल्यापुढे त्यांची बोबडी वळली. “हार्डनर... जुना असेल.”

“नाही, चूक माझी आहे,” सून म्हणाली. “मी घातला तो. कमी पडला.”

“तरी म्हटलं! मास्तरांच्या हातून असं व्हायचं नाही. पुन्हा हिला हात लावू देऊ नका.”

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्याच क्षणी त्याची इतकी लाज वाटली की सुनेकडे बघवेना. तरी होडीवाल्याला ते एवढंच म्हणाले, “उद्या या, नीट करून ठेवतो.”

होडीवाला गेल्यावर दोघं तो चिकट थर खरवडायला बसले.

“तू कशाला अंगावर घेतलंस?”

“लोक तुमच्या नावावर येतात, बाबा. माझ्या नावावर कोण येणार?” खरवडायची पट्टी पुसत ती म्हणाली, “काल वाटी गारच होती. मी हात लावून पाहिला होता.”

“मग लावलंस कशाला?”

“तुम्ही आली म्हणालात ना.”

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी हार्डनर तिनेच मोजला, थरही तिनेच दिले. ते नुसते मॅट कापून देत राहिले.

दुसऱ्या दिवशी होडीवाला इंजिन घेऊनच आला. फळीवर बोटांनी टकटक केली, मूठ आपटून पाहिली आणि खूश झाला.

“ह्याला म्हणतात मास्तरांचं काम!”

“सुनेने केलंय,” मास्तर म्हणाले. “सगळं तिनेच.”

होडीवाला मनापासून हसला. “मोठी माणसं अशीच बोलतात. ऐकलंस का गं? शीक काहीतरी ह्यांच्याकडून.”

आणखी एकच वाक्य हवं होतं: माझे हात कामातून गेलेत. ते ओठांपर्यंत आलं. इंजिन उचलायला आलेले दोघं तिथेच उभे होते. सून मान खाली घालून ब्रश धूत होती.

मास्तरांनी कोपऱ्यातला झाडू घेतला आणि ते जमिनीवरचा भुसा गोळा करायला लागले.