वाळल्यावरचा रंग

रंगाच्या दुकानात छटा कालवणाऱ्या माणसाला बाळाच्या शीचा रंग विचारू नये. सिस्टरांनी विचारला, तोही फोनवर, आणि एका घराची झोप उडाली.

या माणसाला सगळी गल्ली डिस्टेंपरराव म्हणायची. बायको बाळंत होऊन घरी आली होती. घरोघर जाऊन बाळ-बाळंतीण तपासणाऱ्या सिस्टर मागच्या खेपेला म्हणाल्या होत्या, की पोरीचं वजन जरा उतरलंय. दूध पोटात जातंय की नाही ते शीवरून कळेल, लक्ष ठेवा. काल त्यांचा फोन आला. "रंग कसा आहे हो?" रावांनी छाती फुगवून सांगितलं, "गडद. तपकिरीकडे झुकणारा, कडेला काळपट."

सिस्टर म्हणाल्या, "अजून इतका गडद? उद्या सकाळी येते. वजन वाढलं नसेल तर दवाखान्यात न्यावं लागेल."

तेव्हापासून बायकोच्या डोळ्यांचं पाणी खळेना. आपलं दूध पोरीला पुरत नाही, हेच तिच्या डोक्यात बसलं. तिच्या सासूबाईंनी डब्याच्या दुधाचा विषय काढून आगीत तेल ओतलं. रावांचाही जीव टांगणीला लागला होता. काही सुचेना, म्हणून त्यांनी उगाचच कपाट पुसून काढलं.

सकाळी सिस्टर आल्या. हात कोपरापर्यंत धुतले आणि म्हणाल्या, "आधी लंगोट दाखवा."

"कालचा दाखवू की परवाचा?"

राव सिस्टरांना गॅलरीत घेऊन गेले. तिथे दोरीवर न धुतलेले लंगोट चिमटे लावून, ताणून, ओळीने टांगले होते.

"हे काय?"

"नमुने. ओल्या रंगावर विश्वास ठेवू नये, सिस्टर. गिऱ्हाईक तिथंच फसतं. खरी छटा वाळल्यावर कळते."

"म्हणजे काल तुम्ही मला..."

"पूर्ण वाळल्यावरचा सांगितला. तोही सावलीत वाळवून!"

"आणि ओला असताना?"

"पिवळाधमक," राव तुच्छतेनं म्हणाले. "पण त्याला काय अर्थ आहे?"

सिस्टरांनी कपाळावर हात मारला. मागून सासूबाई कडाडल्या, "अरे मेल्या! आणि मी कालपासून मेलेला उंदीर शोधतेय!"

तरी वजन केल्याशिवाय सिस्टर काही बोलेनात. पोरीला उघडी करून काट्यावर ठेवलं. बायकोनं पदर मुठीत आवळला. सगळे श्वास रोखून उभे, आणि पोरीनं तेवढ्यात काट्यावरच कार्यक्रम उरकला. राव पुढे सरसावले. "थांबा, जरा वाळू..."

"खबरदार!" सिस्टर ओरडल्या. त्यांनी पोरीला पुसलं, काटा पुसला, पुन्हा वजन केलं आणि मग हसल्या. "वाढलंय. चांगलं वाढलंय. आणि हा पिवळा रंगही अगदी हवा तसा आहे. पोरगी झकास पितेय."

बायको रावांकडे वळली. "रात्रभर मी रडत बसले, ते तुझ्या या वाळवणापायी?"

रावांची मान खाली गेली. "आपल्या पोरीबद्दल कच्चं काही सांगू नये, असं वाटलं गं मला."

तिला रागवायचं होतं. पण सिस्टर तोंडावर हात धरून हसत होत्या, आणि मग तिलाही हसू आवरेना. हसता हसता रडू आलं, ते मात्र सुखाचं. रावांना सगळे लंगोट देऊन मोरीकडे पिटाळण्यात आलं.

पोरीनं भोकाड पसरलं. सासूबाई म्हणाल्या, "भुकेली दिसतेय. म्हणत असशील तर डब्याचं..."

"द्या इकडे," बायको म्हणाली. तिनं पोरीला ओढून छातीशी घेतलं.

"ये गं माझी बाई, पी पोटभर! भरपूर आहे!" हे ती इतक्या मोठ्यांदा म्हणाली, की मोरीत लंगोट चोळणाऱ्या रावांनाही ऐकू गेलं.