उजवी पाकळी

श्रुतिकाने पायरीवर पाय टाकला तो थेट कुजक्या केळ्यात. शी! चपला खाली काढून ठेवलेल्या, त्यामुळे तो गिळगिळीत लगदा बोटांच्या बेचक्यांत शिरला. मनोरीच्या पुढे खडकावरचं हे देऊळ म्हणे फार जागृत. जागृत कसलं डोंबल! जागी होती ती माकडं. जिकडे बघावं तिकडे त्यांची घाण, करवंट्यांत साचलेलं आंबूस पाणी, चाटून फेकलेले द्रोण, आणि वर ओहोटीच्या चिखलाचा उग्र वास. एक माकडीण कुणाच्या तरी चष्म्याची काडी चघळत बसली होती. श्रुतिकाने ओढणी नाकाला लावली.

पण यावं तर लागणारच होतं. तिचा केतन गुजराती, म्हणून बाबा, म्हणजे चंद्रप्रकाश, वर्षभर या लग्नाला आडवे आलेले. शेवटी कांदिवलीच्या घरात एका सकाळी म्हणाले, "देवाक कौल लावूया. होय म्हटल्यान तर मी मांडवात उभो रवतलंय. नाय म्हटल्यान तर माका बोलवू नको." आई गेल्यापासून घरात दोघंच. बाबांशिवाय बोहल्यावर चढायचं या कल्पनेनेच तिला रडू यायचं. अंधेरीच्या ऑफिसात अख्खी टीम हाताळणारी बाई, आणि लग्न ठरवणार कोण, तर फुलाची पाकळी!

दत्ताराम गुरव पानाची पिंक टाकून आला. ओठांच्या कोपऱ्यात लाल ओघळ तसाच. कौलाची रीत साधी: देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळ्या बाबांनीच निवडून दिल्या. उजवी देताना मात्र त्यांनी उगाच वेळ लावला. पाठ करून नैवेद्याच्या द्रोणात काहीतरी चाचपत होते.

"बा देवा म्हाराजा!" दत्तारामने गाऱ्हाणं सुरू केलं. "ह्या चेडवाचा लगीन तुझ्या मनात आसात, तर उजवी पाकळी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबा जोरात म्हणाले.

खारा वारा आत घुसला. डावी पाकळी थरथरायला लागली, एका बाजूने सुटलीसुद्धा. उजवी ढिम्म हलेना. आता वाट लागली, केतनला काय सांगू?

तेवढ्यात खिडकीतून एक थोराड माकड धपकन गाभाऱ्यात उतरलं. केळ्यांकडे बघितलं नाही, नारळाकडे नाही. सरळ देवाच्या उजव्या खांद्यावर झडप घालून पाकळी ओरबाडली, मचमच चाटली आणि थुंकून टाकली.

"उजवी सुटली!" दत्ताराम ओरडला.

"सुटूक नाय, माकडान नेल्यान!" बाबा भडकले. "ह्यो कौल नाय. परत लाव."

माकडाला मात्र आणखी हवं होतं. त्याने उडी मारून बाबांचं मनगट धरलं, मूठ उलगडली आणि अंगठा तोंडात घातला. पिवळे दात, लाळेची तार, चपचप आवाज. बाबा "हाड, हाड" करत राहिले, ते सोडायला तयार नाही. दत्तारामने काठी आपटली तेव्हा कुठे ते पळालं.

श्रुतिकाने बाबांचा हात बघितला. नखाखाली गूळ होता.

गुळाने चिकटवली होती पाकळी! पडूच नये म्हणून! इतका वेळ केळ्याची, पिंकेची, माकडांच्या घाणीची किळस येत होती तिला. आता आली ती खरी. घशाशी आलं अगदी.

"देवाशी लबाडी, बाबा? आणि माझ्याशी?"

बाबांनी मान खाली घातली. "तू गेल्यार माका कोण आसा गो?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच तिला जास्त राग आला. पर्समधली पाण्याची बाटली काढून तिने त्यांचा तो लाळेने बरबटलेला हात ओढला. किळस गेली नव्हती. तरी नखाखालचा गूळ निघेपर्यंत तिने तो अंगठा खसाखसा घासला.

"उजवी आधी गेली, बाबा. स्वच्छ धुऊन घ्या. याच हाताने अक्षता टाकायच्यात."

डावी पाकळी अजून खांद्यावर लोंबकळत होती. बाबांनी एकदा त्या पाकळीकडे बघितलं. मग दुसराही हात पुढे केला.