कोर्टाच्या तीन मजल्यांची लिफ्ट

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. नेब्रास्कातल्या टॅलबर्ट काउंटीच्या कोर्टात गेली पन्नास वर्षं मी वरखाली करते आहे. माझा प्रवास अवघ्या तीन मजल्यांचा. पण शेत कुणाचं, घर कुणाचं आणि मूल कुणाजवळ राहणार, हे त्या तीन मजल्यांवर ठरतं. म्हणून मी माझं काम कधी लहान मानलं नाही.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यात झाला. ओकच्या लाकडाच्या भिंती, पितळी जाळीचं दार आणि कोपऱ्यात घडीचं स्टूल. मालगाडीने मी इथे आले, तेव्हा निम्मा गाव मला बघायला जमला होता. पहिला आठवडाभर शेतकऱ्यांच्या बायका मात्र जिन्यानेच गेल्या. माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता.

मला चालवायला एक मूठ होती. ती डावीकडे फिरवली की मी वर जायची, उजवीकडे फिरवली की खाली. बावीस वर्षं ती मूठ मिसेस लिडा ह्रुस्का यांच्या हातात होती. बाई बुटकी, आवाज खणखणीत. आत पाऊल टाकणाऱ्याला त्या आधी विचारायच्या, "कोर्टाचा कागद आहे ना? बघू."

कागदावर नजर टाकली की त्या माणसाला नेमकं सांगायच्या. "कुत्रा चावला? मग लिफ्टमध्ये कशाला चढताय? तळमजल्यावरच डाव्या हाताला जा. तिथे जस्टिस ऑफ द पीस बसतात. कुंपणं, भांडणं, जोरात हाकलेल्या गाड्या, सगळं त्यांच्याकडे." मृत्युपत्र, दत्तक, पोरक्या मुलांचं पालकत्व असलं की मधला मजला, म्हणजे काउंटी कोर्ट. घटस्फोट, मोठे गुन्हे, ज्यूरीपुढचे खटले असले की वरचा मजला, म्हणजे डिस्ट्रिक्ट कोर्ट. खालचा निकाल पटला नाही तर दाद मागायलाही वरच जायचं.

"आणि वरचाही पटला नाही तर?" एकदा एका शेतकऱ्याने विचारलं.

"मग लिंकनला, राजधानीत. तिथवर या लिफ्टची दोरी पोचत नाही."

अठ्ठावन्न साली काउंटीच्या कमिशनरांनी ठरवलं की लिफ्टला बटणं बसवायची. कमिशनर स्ट्रँड स्वतः सांगायला आले. माणूस वाईट नव्हता. हॅट काढून बोलला.

"आता सगळीकडे बटणंच आलीत, मिसेस ह्रुस्का."

"बटणाला कागद वाचता येतो?"

"लोकांना आकडे वाचता येतात की."

"आकडे येतात हो. आपला आकडा कुठला, ते कळत नाही."

तरी मूठ निघाली, स्टूलही निघालं. माझं दार आपोआप उघडायला आणि मिटायला लागलं. खरं सांगते मित्रांनो, मला तेव्हा बटणं आवडली होती. तळमजल्याला एक, मधल्याला दोन, वरच्याला तीन, तिन्ही चकचकीत. येणारा जाणारा माझी स्तुती करायचा आणि मी फुशारून जायची. लिडाबाई रिकाम्या हाताने घरी गेल्या, हे मी मनावर घेतलं नाही.

मग एका मंगळवारी एमिल बार्टुनेक आला. बीटची शेती करणारा, पन्नाशीचा, लग्न न केलेला माणूस. त्याची बहीण आणि मेव्हणा दोन वर्षांपूर्वी मोटारीच्या अपघातात गेले होते. त्यांची नऊ वर्षांची मुलगी रोझिना तेव्हापासून त्याच्याजवळ होती. आता तिच्या वडिलांच्या चुलत भावाने डेन्व्हरहून तिचं पालकत्व मागितलं होतं. सुनावणी दहाला, काउंटी कोर्टात. एमिल आपला एकुलता एक सूट घालून पावणेदहालाच हजर झाला.

आमच्या इमारतीच्या दारावर दगडात मोठ्या अक्षरांत 'काउंटी कोर्ट हाउस' असं कोरलेलं आहे. एमिलने ते वाचलं. माझ्यात शिरल्यावर शेजारी उभ्या असलेल्या वकिलाला त्याने विचारलं, "काउंटी कोर्ट हेच ना?"

"हेच की," वकील म्हणाला आणि त्याने स्वतःसाठी तीनचं बटण दाबलं.

एमिल त्याच्यामागोमाग वरच्या मजल्यावर उतरला. मी दार मिटून घेतलं. मला ठाऊक होतं की हा चुकला. पण मला ना मूठ उरली होती, ना आवाज.

पुढचं मला नंतर लोकांच्या बोलण्यातून कळलं. वर जमिनीचा खटला चालू होता. एमिल शेवटच्या बाकावर हॅट मांडीवर घेऊन बसला आणि आपलं नाव कधी पुकारतात याची वाट बघत राहिला. एक मजला खाली त्याचं नाव तीनदा पुकारलं गेलं. सव्वाबाराला त्याने वरच्या शिपायाला विचारलं, तेव्हा त्याला खाली पाठवण्यात आलं. डेन्व्हरच्या बाजूने हुकूम होऊन गेला होता. परत जाताना तो माझ्यात आला आणि बटण न दाबता तसाच उभा राहिला.

ही बातमी लिडाबाईंना बेकरीत कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एमिलला घेऊन माझ्यात हजर.

"मी वकील नाही," त्या म्हणाल्या, "पण बावीस वर्षं कान उघडे ठेवून बसले होते. आधी मधल्या मजल्यावर अर्ज द्यायचा, हुकूम मागे घ्या म्हणून. नाही म्हणाले तर वरच्या मजल्यावर अपील. दोन्हीला दिवस मोजून असतात, तेव्हा रडायचं नंतर."

"मी रडत नाहीये."

"मग दाबा दोन."

वरच्या शिपायाकडून त्यांनी चिठ्ठीही लिहून घेतली, की हा माणूस अडीच तास आमच्या कोर्टात बसून होता. अर्ज दाखल झाला. पण मधल्या मजल्यावरचे जज थीसन कडक. त्यांच्या कारकुनाने माझ्यातच दुसऱ्याला सांगितलेलं मी ऐकलं, की साहेब म्हणतात, अडीच तास चुकीच्या जागी कोण बसेल, ही सबब आहे.

शुक्रवारी संध्याकाळी जजसाहेब घरी निघाले. माझं दार उघडलं, तर आत लिडाबाई.

"मिसेस ह्रुस्का, खटल्याबद्दल माझ्याशी असं लिफ्टमध्ये बोलायचं नसतं."

"मी खटल्याबद्दल बोलतच नाहीये. लिफ्टबद्दल बोलतेय." दार मिटलं. "सोमवारी सकाळी साध्या माणसासारखे हॅट घालून इथे अर्धा तास उभे राहा. काही बोलू नका, फक्त बघा."

मी त्या दोघांना तळमजल्यावर सोडलं. जजसाहेब पुढे, बाई मागे.

सोमवारी साडेनऊला ते आले. अंगावर काळा झगा नाही, साधा कोट. माझ्या कोपऱ्यात ते पाठ टेकून उभे राहिले. नवऱ्याचं मृत्युपत्र घेतलेली एक म्हातारी थेट वरच्या मजल्यावर गेली. कुत्र्याच्या भांडणाचा एक गडी मधल्या मजल्यावर उतरला आणि दोन मिनिटांनी परत आत येऊन पुटपुटला, "इथं नाही म्हणतात." मग एक तरुण जोडपं आलं. बायकोने बटणांकडे बघितलं, मग जजसाहेबांकडे.

"साहेब, दत्तकाचं कोर्ट कुठलं हो?"

"माझं," ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतः दोनचं बटण दाबलं.

अर्ध्या तासात माझ्यात अकरा माणसं चढली. त्यातली पाच चुकीच्या मजल्यावर उतरली. जजसाहेब बाहेर पडले, तेव्हा त्यांनी हॅट हातात घेतली होती.

त्या आठवड्यात पहिला हुकूम रद्द झाला. सुनावणी नव्याने झाली आणि या वेळी रोझिनालाही विचारण्यात आलं. ती आत काय बोलली ते मला माहीत नाही, कोर्टाच्या दारापलीकडे मला जाता येत नाही. पण दुपारी दोघं माझ्यात आली.

"मामा, मी दाबू?"

"कुठलं दाबायचं, माहितीये?"

"घरी जायचं ते," ती म्हणाली आणि तिने एक दाबलं.

डेन्व्हरच्या काकांकडे ती उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणार, असं ठरलं होतं.

मग लिडाबाई कमिशनरांच्या बैठकीत जाऊन उभ्या राहिल्या. तळमजल्यावर परत आल्या त्या स्ट्रँडसाहेबांशी वाद घालतच.

"मूठ काही परत बसणार नाही, मिसेस ह्रुस्का."

"मला मूठ नकोच आहे. बटणांशेजारी पितळी पाट्या लावा. 'काउंटी कोर्ट' एवढंच लिहू नका, तिथे काय होतं ते लिहा. आणि माझ्यासाठी दारापाशी एक टेबल ठेवा."

दोन्ही झालं. मित्रांनो, मला वाटलं होतं, बाई माझ्याकडे परत येतील. त्या आल्या नाहीत. त्या टेबलापाशी बसल्या, पुढची अकरा वर्षं. तळमजल्यावर माझं दार उघडलं की मला त्यांचं पांढरं डोकं कुणाच्या तरी कागदावर वाकलेलं दिसायचं. माझ्यात चढणाऱ्याला आपलं बटण माहीत असायचं. कौतुक आता त्या टेबलाचं होत होतं, आणि ते बरोबरच होतं.

गेल्या हिवाळ्यात लिडाबाई वारल्या. टेबल अजून आहे, खुर्ची रिकामी. पाट्यांवरची अक्षरं झिजली आहेत आणि मधल्या पाटीवर कुणीतरी चर्चच्या जेवणाचं पत्रक चिकटवलं आहे. मला तेलपाणी होतं, रंग होतो, दर वर्षी तपासनीस येऊन शिक्का मारून जातो. त्या खुर्चीची तपासणी कुणी करत नाही.

माझी एवढीच विनंती आहे. पाट्या पुसा. त्या खुर्चीवर कुणालातरी बसवा. आणि तोवर, हातात कागद धरून कुणी माझ्या दारात थबकलेलं दिसलं, तर पुढे निघून जाऊ नका. दोन मिनिटं थांबा आणि त्याला विचारा.

मीही माझ्या परीने करते आहे. असं कुणी समोर उभं असलं की मी माझं दार मिटू देत नाही. मेकॅनिक दोनदा येऊन गेला. दाराची स्प्रिंग बिघडली आहे म्हणतो, पण कुठे ते त्याला सापडत नाही.

सापडणारही नाही.