हेमांगीच्या गॅरेजचं दार

दामाजींच्या घरात भांडायला विषयांची टंचाई कधीच नव्हती, पण त्या उन्हाळ्यात सगळी भांडणं फिरून फिरून एका दारापाशी यायची. दार गॅरेजचं. कल्याणहून शहाडकडे जाताना त्यांचा बैठा बंगला लागतो, त्याचं गॅरेज पश्चिमेकडे तोंड करून बसलेलं. दुपार कलली की जुन्या लोखंडी शटरवर पापड भाजून घ्यावा.

आत दामाजींची गाडी. ती दसऱ्याला बाहेर निघे, चाकांखाली लिंबं चिरडून देवळापर्यंत जाऊन येई, आणि पुन्हा वर्षभर अंगावर चादर ओढून पडे. दामाजी गाडी फार चालवत नसत, पण बाळगत जोरात. बाकीची भावकी डोंबिवलीच्या फ्लॅटांत. गॅरेज असलेले एकटे तेच. पाहुणा आला की पाण्याचा तांब्या नंतर, गॅरेज आधी दाखवायचं, असा शिरस्ता होता.

सून हेमांगी चॉकलेटचे मोदक करून विकायची. ऑर्डरी वाढल्या, ओटा पुरेना, म्हणून तिचा डोळा गॅरेजवर गेला. तिने तिथे एसी लावून पाहिला. पण शटर तापलं की एसी नुसता घरघरायचा आणि मोदकांची नाकं वाकायची. मग तिने स्वतःच्या कमाईतून शटर काढून नवं दार बसवून घेतलं. दोन पत्रे, मधे जाड फोम, कडेने रबरी पट्टी.

"भर उन्हाळ्यात दाराला स्वेटर घातलंस होय?" दामाजींनी विचारलं.

"ऊन आत येऊ नये म्हणून आहे ते, बाबा."

"ऊन काय तुझी परवानगी मागून येतं?"

मुलगा अनिश सकाळी बापाला "बरोबर" आणि बायकोला "अगदी" म्हणून कामावर सटकायचा. त्यामुळे निवाडा सासूकडे, आवडाबाईंकडे आला. त्या म्हणाल्या, "तोंडं बंद करा दोघंही. मोदक ठेवा आत. चहापर्यंत उभे राहिले तर गॅरेज हिचं. बसले तर गाडीचं."

"कबूल," दामाजी म्हणाले. "पण गाडी जागच्या जागी राहील. ती काही मोदकांसाठी उन्हात उभी राहणार नाही."

हेमांगी हसून हो म्हणाली. थंड पडलेली गाडी आत असली काय नि नसली काय! सुनेचं ते हसू दामाजींना जरा जास्तच खुपलं. जन्मभर कंपनीच्या स्टोअरमध्ये माल सांभाळलेला माणूस. कुठला माल कशाने नासतो, ते त्यांना पाठ होतं.

शनिवारी सासू-सुना टेंभी नाक्याला डोहाळजेवणाला गेल्या. जाताना हेमांगीने ताटात मोदक मांडले, एसी लावला, दार ओढलं. दामाजींनी दोघींना फाटकापर्यंत पोचवलं. एवढं अगत्य त्यांनी लग्नाच्या वरातीतही दाखवलं नव्हतं.

मग त्यांनी गाडीवरची चादर ओढली.

शीळफाट्यापर्यंत जायचं, इंजिन चांगलं तापवायचं आणि परत येऊन गाडी गुपचूप जागेवर लावायची, असा बेत. तिथल्या ट्रकांच्या रांगेने बेताला हातभारच लावला. गाडी रांगत होती, काटा वर चढत होता, आणि दामाजींचा बनियन अंगाला चिकटून बसला होता. मागून एक टेम्पोवाला ओरडला, "काका, हार घालून आणलीय, मिरवणूक आहे का?" दसऱ्याचा वाळका झेंडू अजून बोनेटवर लोंबत होता. दामाजी मान ताठ ठेवून घाम पुसत राहिले. शत्रूच्या मोदकांसाठी माणसाला काय काय सोसावं लागतं!

घरी येऊन त्यांनी धगधगती गाडी आत घातली, चादर पांघरली, दार घट्ट लावलं, आणि आंघोळ करून पेपर घेऊन बसले.

चहाच्या वेळेला दोघींनी परत येऊन दार उघडलं तेव्हा आतून भट्टीसारखी वाफ आली. मोदकांचं ताट म्हणजे चॉकलेटचं तळं.

"बघ!" दामाजी उठलेच. "मी काय म्हणत होतो? दार कुचकामी."

हेमांगीचा चेहरा उतरला. आवडाबाई ताट उचलायला वाकल्या, आधाराला हात बोनेटवर टेकवला, आणि किंचाळल्या, "अगं आई गं!"

त्यांनी चादर दूर केली. हात पुन्हा लावला, जपून.

"अहो, दसरा कधी झाला?"

"इंजिनाला... मधूनमधून फिरवावं लागतं."

"डोहाळजेवणाच्याच दिवशी? भर दुपारी? तरीच म्हटलं, आम्हाला फाटकापर्यंत पोचवायला का आलात!"

दामाजींना आता सुनेकडून दोन शब्द अपेक्षित होते. हेमांगी मात्र दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर हात फिरवत होती, मग आतल्या पत्र्यावर.

"बाबा, तुम्ही तर माझं काम सोपं केलंत," ती म्हणाली. "एवढा जाळ आत कोंडला, तरी दाराने बाहेर जाऊ दिला नाही. जे आतलं बाहेर सोडत नाही, ते बाहेरचं आत कसं सोडेल? दार पक्कं आहे. खोट गाडीत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ती उद्यापासून आंब्याखाली," आवडाबाईंनी निकाल दिला. "आणि ताट तुम्ही घासायचं."

पहिले चार दिवस दामाजी गॅरेजकडे फिरकले नाहीत. पाचव्या दुपारी उकाडा असह्य झाला, तेव्हा "एसीचा आवाज कसला येतोय" ते बघायला म्हणून आत गेले आणि स्टुलावर बसले. हेमांगीने काही न विचारता पुढ्यात चांदीकागद आणि मोदकांचा ढीग सरकवला. त्यांनीही काही न विचारता गुंडाळायला घेतले.

त्या आठवड्यात डोंबिवलीहून चुलतभाऊ महिपत आला. दामाजींनी त्याला तांब्याआधी गॅरेजमध्येच नेलं.

"अरे वा, काश्मीरच की हे!" महिपत उंबऱ्यातच थबकला. "दार कसलं रे हे? सुचलं कुणाला?"

दामाजींनी सुनेकडे पाहिलं. ती खाली मान घालून साचे भरत होती. कान मात्र इकडेच.

"घरात एक तरी डोकं चालणारं लागतं, महिपत," दामाजी म्हणाले. "आता आत ये आणि दार लाव बघू. ऊन आत येतंय."