सुश्रुतच्या वाट्याच्या गोळ्या

लखनौतल्या जानकीपुरमच्या घरात कौमुदीला तिसरा महिना लागला आणि तपासणीत क्लॅमिडिया, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा जंतुसंसर्ग, निघाला. ना दुखणं, ना खुपणं. पण तसाच राहिला तर बाळ वेळेआधी येऊ शकतं, जन्मताना त्याच्या डोळ्यांना संसर्ग होऊ शकतो.

"हा वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो. कुणाकडून आला हे शोधू नका," डॉक्टर म्हणाल्या, "औषध मात्र दोघांनी घ्या."

कौमुदीने घेतलं. सुश्रुत मात्र, स्वतः औषधांवर संशोधन करणारा, म्हणाला, "मला काय धाड भरलीय? मैं तो फिट हूँ, यार."

"मीही ठणठणीतच होते की! तू घेतलं नाहीस तर ते पुन्हा तुझ्याकडून मला, माझ्याकडून बाळाला."

तो ऑफिसच्या बससाठी निघाला, तशी ती दारात हात आडवे लावून उभी राहिली. लग्नाच्या दिवशी नणंदेने दोघांना अडवलं होतं, अगदी तशीच. "उखाणा घ्या, गोळ्या घ्या, मगच जा."

खालून हॉर्न वाजला. सुश्रुतने डोकं खाजवलं आणि गोळ्या तळहातावर घेतल्या.

"लखनौच्या बागेत पिकला दशहरी आंबा,
कौमुदीसाठी गोळ्या घेतो, बसवाले भैया, थांबा!"

कौमुदी खळखळून हसली. गोळ्या गळ्याखाली उतरलेल्या पाहिल्या, तेव्हाच तिने दार मोकळं केलं.

"आणि ऐक, डॉक्टर हो म्हणेपर्यंत तुझी गादी बाहेरच्या खोलीत!"

"त्याचा उखाणा नाही घेणार मी!" जिन्यातून आवाज आला.