हात सोडण्याची तालीम

मित्रांनो, मी एका सरकारी वृद्ध-शुश्रूषागृहाचा जुना लाकडी कठडा आहे. कमरेइतक्या उंचीवर, खोल्याखोल्यांच्या भिंतींवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत मला ठोकलेले आहे. मला रंधा मारणाऱ्या सुताराने शेवटी माझ्यावर स्वतःचा गाल घासून पाहिला होता, कुठे कुसळ बोचते का म्हणून.

तीस वर्षे चालणाऱ्यांना आधार दिला. माझे कौतुक फारसे कुणी केले नाही. उलट माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालायचे. शिलाईकाकू मात्र रोज सकाळी मला थोपटून विचारायच्या, "काय रे, आहेस ना जागेवर?"

काकूंनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले आणि म्हातारपणी डोळे गेले. खाटेपासून जेवणघर, तिथून न्हाणीघर, सगळीकडे त्या एकट्या माझ्या भरवशावर जायच्या. कुणी धरायला आले तर फटकारायच्या, "मी काय पिशवी आहे, उचलून न्यायला?"

एके दिवशी मोठे साहेब आले. जेवणघरात सगळ्यांना बसवून त्यांनी पत्र वाचले. इमारत धोक्याची झाली होती. महिनाअखेरीस शुश्रूषागृह बंद होणार होते आणि सगळ्यांना दुसऱ्या शहरात हलवणार होते.

"तिथे सगळं नवीन आहे," साहेब म्हणाले.

"भिंतीला कठडा आहे का?" काकूंनी विचारले.

साहेबांनी कागद उलटसुलट केले. "तेवढं बघावं लागेल, आजी."

"बघा मग. मला दिसत नाही, तुम्हाला तरी दिसू दे!"

सगळे हसले. पण परतताना काकूंचा तळवा घामेजला होता. ते मलाच कळले.

आठवडा गेला, साहेबांचा निरोप नाही. शेवटी आमच्या इथल्या सिस्टर रजा टाकून ती जागा पाहून आल्या आणि तडक काकूंपाशी गेल्या.

"काकू, भिंती गुळगुळीत आहेत. धरायला काही नाही. कठडा लावा म्हणून मी अर्ज दिलाय, पण तो कधी हलेल, देव जाणे."

काकूंनी माझ्यावरून हात फिरवला. "म्हणजे मला खाटेवरच बसवून ठेवणार."

"नाही. उद्यापासून काठीनं चालायला शिकायचं."

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. सिस्टर काकूंना माझ्यापासून दोन हात लांब उभे करत. काकू थरथरत, करवादत, आणि त्यांचा हात आपोआप माझ्याकडे वळे. चौथ्या दिवशी त्या पडल्या. माझ्यापासून वीतभर अंतरावर! मी खिळ्यांनी जखडलेला, काय करणार? गुडघा सोलवटला. "पुरे आता," म्हणत सिस्टरच रडू लागल्या.

"रडतेस काय?" काकू खालूनच म्हणाल्या. "उसवलं की पुन्हा घालायचा टाका. काठी दे इकडे."

निघायच्या दिवशी दारात बस लागली. काकू काठी टेकत मधोमध चालत गेल्या. दोनदा तोल गेला, पण मला शिवल्यासुद्धा नाहीत. मी आनंद मानावा की हाय खावी, मला समजेना.

आता इथे कुलूप आहे. काकू न्हाणीघरापर्यंत पोचतात का? ओल्या फरशीवर त्यांच्याजवळ कोण असते? अर्ज हलला का? मला कोण सांगणार?

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नव्या जागी न्यायची वेळ आली, तर सामान हलवण्याआधी तिथे जा. डोळे मिटून एकदा खाटेपासून न्हाणीघरापर्यंत चाला. तुमचा हात जिथे जिथे चाचपडेल, तिथे आधी आधार लावा. माणसाला मग न्या.